न पाहिलेली वस्तू आणणारा कुत्रा : रिट्रीव्हरला जमिनीवरचा ‘ब्लाइंड’ कसा शिकवतात?



लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर ही नावं आता आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. पण ‘रिट्रीव्हर’ म्हणजे काय, असं वर्गात विचारलं की बहुतेक मुलं ‘जात’ एवढंच सांगतात. शब्दाचा अर्थ सोपा आहे. रिट्रीव्ह करणं म्हणजे परत आणून देणं. बंदुकीने पाडलेला पक्षी शोधायचा, तोंडात अलगद धरायचा आणि मालकाच्या हातात आणून द्यायचा, या एकाच कामासाठी ब्रिटनमध्ये या जाती तयार झाल्या. गोल्डन रिट्रीव्हरची पहिली पिल्लं स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्याकडे १८६८ साली जन्मली. लॅब्राडोरला तिथल्या केनेल क्लबची मान्यता १९०३ साली मिळाली. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद आहे, त्यामुळे हे मूळचं काम आपल्याला बघायला मिळत नाही. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मात्र ते आजही चालतं, त्याच्या स्पर्धा होतात आणि त्यासाठी कुत्र्यांना वर्ष-दोन वर्षं शिकवलं जातं.

या शिक्षणातला एक भाग मला शिक्षक म्हणून फार विचार करायला लावणारा वाटतो. तो म्हणजे ‘ब्लाइंड रिट्रीव्ह’. आज त्याच्यातल्या जमिनीवरच्या भागाबद्दल बोलूया. पाण्यातला ब्लाइंड हा वेगळाच विषय आहे, तो इथे घेत नाही.

मार्क आणि ब्लाइंड

पक्षी पडताना कुत्र्याने पाहिला असेल तर त्याला ‘मार्क’ म्हणतात. जागा कुत्र्याच्या डोक्यात पक्की असते. सोडलं की तो धावत जातो, थोडा हुंगतो, उचलतो आणि येतो. यात शिकवणाऱ्याचं काम कमी, कुत्र्याच्या डोळ्यांचं आणि आठवणीचं जास्त.

आता असं समजा की दोन पक्षी एकदम पडले. एक समोर पडला, तो कुत्र्याने पाहिला. दुसरा जखमी होऊन दूर झुडपामागे गेला. तो फक्त माणसाने पाहिला. तो तिथेच राहिला तर तडफडून मरणार आणि वायाही जाणार. म्हणजे जागा माणसाला माहीत आहे, पण नाक आणि पाय कुत्र्याकडे आहेत. मग माणसाच्या डोक्यातली जागा कुत्र्यापर्यंत पोचवायची कशी? हाच ब्लाइंड. आपल्या आंधळ्या कोशिंबिरीशी याचं थोडं नातं आहे. फरक एवढाच, की इथे डोळे उघडे असूनही काहीच दिसलेलं नसतं.

अंतर लहान नसतं बरं का! अमेरिकेतल्या हंटिंग टेस्टमध्ये जमिनीवरचा ब्लाइंड साधारण १०० यार्डांच्या, म्हणजे नव्वदेक मीटरच्या आसपास असतो. फील्ड ट्रायल नावाच्या मोठ्या स्पर्धांत तो ३०० यार्डांच्याही पुढे जातो. तिथून माणूस कुत्र्याला ठिपक्याएवढा दिसतो.

लांबच्या कुत्र्याला शिट्टी आणि हाताच्या खुणेने चालवण्याची कला मूळची मेंढपाळांची. अमेरिकेतल्या रिट्रीव्हरच्या स्पर्धांमध्ये ती आणण्याचं श्रेय डेव्ह एलियट या स्कॉटलंडहून गेलेल्या प्रशिक्षकाला दिलं जातं. हा काळ १९३० नंतरचा. मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्याला जे जमतं ते पक्षी आणणाऱ्याला का जमू नये, असा साधा विचार होता. पुढे ही पद्धत इतकी रुजली, की आज तिच्याशिवाय मोठी स्पर्धा जिंकणं अशक्य आहे. किंग बक नावाच्या काळ्या लॅब्राडोरने १९५२ आणि १९५३ अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकेतली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९५९ साली तिथल्या सरकारने बदकांच्या शिकारीसाठी जे तिकीट काढलं त्यावर त्याचं चित्र आहे. रिट्रीव्हरमुळे शिकार वाया जात नाही, अशा अर्थाचे शब्दही त्यावर छापले आहेत.

तीन गोष्टी, आणि त्या सुट्या सुट्या

ब्लाइंड दिसायला एकच क्रिया आहे. कुत्रा सरळ जातो, चुकला तर शिट्टीवर बसतो, हात दाखवला तिकडे वळतो आणि वस्तू घेऊन येतो. पण शिकवताना ती एकत्र शिकवत नाहीत. सरळ जाणं वेगळं, थांबणं वेगळं, वळणं वेगळं. प्रत्येक गोष्ट वेगळ्या जागी, वेगळ्या दिवशी पक्की करायची आणि मगच जोडायची. जोडाक्षरं शिकवण्याआधी सुटी अक्षरं किती घोटून घेतो आपण, तसंच.

त्याआधी बसणं, बोलावल्यावर येणं, पायाशी चालणं आणि तोंडात वस्तू न चावता धरणं एवढं यायला हवं. धरण्याचा नेटका सराव पक्के दात आल्यावर, म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांनंतर सुरू करतात. हिरड्या दुखत असताना वस्तू धरायला लावली तर ती वस्तूच नकोशी होते. सरावाला खरा पक्षी लागत नाही. कापडाची किंवा प्लॅस्टिकची लांबट गुंडाळी वापरतात. अमेरिकेत तिला बंपर म्हणतात, ब्रिटनमध्ये डमी.

थांबणं सगळ्यात आधी. एक लांब शिट्टी म्हणजे बस आणि माझ्याकडे बघ. बऱ्याच छोट्या शिट्ट्या म्हणजे ये. सुरुवात पायाशी करतात. ‘बस’ म्हणायचं आणि लगेच शिट्टी. मग नुसती शिट्टी. मग चालता चालता, मग दहा पावलांवरून, मग तो मोकळा हिंडत असताना. इथे घाई केली तर पुढचं सगळं कच्चं राहतं, कारण न थांबलेल्या कुत्र्याला हात दाखवून उपयोग काय?

वळण्यासाठी बेसबॉलच्या मैदानासारखी रचना करतात. आपल्याला क्रिकेटच्या भाषेत समजेल. आपण बॅट्समनच्या जागी, कुत्रा बॉलरच्या जागी आपल्याकडे तोंड करून बसलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना आणि पाठीमागे बंपरची एकेक रास. उजवा हात आडवा पसरला की उजवीकडची रास, डावा पसरला की डावीकडची. हुकूम ‘ओव्हर’. हात सरळ वर नेला की ‘बॅक’, म्हणजे मागे वळून लांब जा. वर नेलेला हात ज्या बाजूचा, त्या बाजूने कुत्रा वळतो. कवायतीत मुलांसमोर उभं राहून डावं-उजवं दाखवताना आपला जो गोंधळ उडतो तो इथे होत नाही. कुत्र्याला डावं-उजवं हे शब्द ठाऊकच नसतात. हात जिकडे दिसला तिकडे तो जातो.

हात अख्खा पसरायचा आणि त्याच दिशेने एक-दोन पावलंही टाकायची. लांबून कुत्र्याला बोटं दिसत नाहीत, आकार आणि हालचाल दिसते. म्हणूनच फील्ड ट्रायलमध्ये कुत्रा चालवणारे पांढरं जाकीट घालतात. हंटिंग टेस्टमध्ये मात्र खऱ्या शिकारीसारखे गडद किंवा पानाफुलांच्या रंगाचे कपडे घालावे लागतात. मागची झाडी आणि माणूस एक झाले की कुत्र्याचं काम आणखी अवघड होतं.

सरळ जाणं : इथे खरी गंमत आहे

तिसरी गोष्ट सगळ्यात कठीण. काहीही दिसत नसताना, कुणी काही फेकलेलं नसताना, नुसत्या ‘बॅक’ या शब्दावर कुत्र्याने जिवाच्या आकांताने सरळ रेषेत का धावावं? कारण मागच्या प्रत्येक वेळी त्या रेषेच्या टोकाला काहीतरी मिळालेलं आहे. दुसरं कारणच नाही. ही सवय नव्हे, हा विश्वास आहे, आणि तो एकेक वेळ साठवावा लागतो.

पहिल्या दिवशी कुत्र्याला सोबत घेऊन चालत जातात. त्याच्या डोळ्यांदेखत पाच-सहा पांढरे बंपर एका ठिकाणी ठेवतात, परत वीस पावलं येतात आणि सोडतात. बंपर दिसतोय, मिळतोय, कुत्रा खूश! मग तीस पावलं, पन्नास, शंभर. रास जिथल्या तिथे, मागे सरकतो तो आपण. हे फार महत्त्वाचं आहे. रास पुढे सरकवली तर कुत्र्याला आधीच्या जागी काहीच सापडणार नाही. आपण मागे सरकलो तर वाट वाढते, पण शेवट ओळखीचाच राहतो.

मग त्याच मैदानात पंख्याच्या पात्यांसारख्या तीन वाटा करतात आणि त्या पाठ करून घेतात. याला पॅटर्न ब्लाइंड म्हणतात. काही जणांना हे घोकंपट्टीसारखं वाटतं. मला नाही वाटत. पाढे पाठ असलेल्या मुलाचं डोकं गणिताच्या विचाराला मोकळं राहतं. तसं वाट पाठ असलेल्या कुत्र्याचं लक्ष दिशेवर राहतं, ‘तिथे काही आहे का?’ या शंकेवर नाही.

आता रंगाची युक्ती बघा. कुत्रा अगदी रंगांधळा नसतो. त्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात, आपल्या डोळ्यात तीन. निळा आणि पिवळा त्याला कळतो, पण लाल, नारिंगी आणि हिरवा यांत तो फारसा फरक करू शकत नाही. हिरव्या गवतात पडलेला नारिंगी बंपर आपल्याला लांबून चमकताना दिसतो आणि कुत्र्याला गवतातच मिसळून गेलेला. म्हणून सुरुवातीला पांढरे बंपर वापरतात, कुत्र्याला दिसावेत म्हणून. वाट पक्की झाली की त्याच जागी नारिंगी ठेवतात. जागेच्या खुणेला लावलेली फीतही नारिंगीच, कारण ती शिकवणाऱ्यासाठी असते. एकाच मैदानात एक खूण विद्यार्थ्याची आणि एक शिक्षकाची! शैक्षणिक साहित्य याहून हुशारीने वापरलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

सोडण्याआधी एक छोटासा विधीही असतो. मार्क असेल तर कुत्र्याचं नाव घेऊन सोडतात. ब्लाइंड असेल तर आधी हळू आवाजात ‘डेड बर्ड’ म्हणतात आणि सोडताना ‘बॅक’. शब्दावरूनच कुत्र्याला कळतं, की या वेळी आठवणीतलं काही शोधायचं नाही, सांगितलेल्या दिशेला जायचं आहे. शेजारी बसवताना त्याचा पाठीचा कणा हव्या त्या दिशेला आहे ना, हे आधी बघतात. नुसतं तोंड तिकडे असून चालत नाही. कणा जिकडे, धाव तिकडे. मग त्याच्या डोक्यावर हात धरायचा, त्याची नजर लांबवर स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि सोडायचं. नजर भिरभिरत असताना सोडलेला कुत्रा हमखास भरकटतो.

पॉपिंग : जादा दुरुस्तीचा आजार

तिन्ही गोष्टी आल्या, आता जोडायच्या. इथेच पुष्कळ चांगले कुत्रे बिघडतात, आणि बिघडवणारा बहुतेक वेळा शिकवणाराच असतो.

कुत्रा सुसाट निघाला. चार पावलं डावीकडे सरकला. शिट्टी! बसला, हात दाखवला, निघाला. पुन्हा दोन पावलं सरकला. शिट्टी! प्रत्येक दुरुस्ती बरोबर आहे, कुत्रा प्रत्येक वेळी ऐकतोही आहे. वरवर पाहता शिस्त उत्तम. पण पंधरा दिवसांनी वेगळंच दिसायला लागतं. कुत्रा निघतो, तीस-चाळीस मीटर जातो आणि शिट्टी झालेली नसताना आपणहून थांबून मागे बघतो. याला ‘पॉपिंग’ म्हणतात. त्याचा प्रश्न स्पष्ट असतो : बरोबर चाललोय ना मी?

दुसरीच्या वर्गात प्रत्येक बेरजेनंतर पाटी घेऊन टेबलाशी येणारं मूल आठवलं का? ‘बाई, बरोबर आहे?’ एका उदाहरणानंतर एकदा. त्याला बेरीज येत नाही असं नसतं. आपली बेरीज आपल्याला येते हे ठरवण्याचा अधिकार आपला नाही, एवढंच ते शिकलेलं असतं.

याहून वाईट अवस्था म्हणजे ‘नो-गो’. ‘बॅक’ म्हटलं तरी कुत्रा जागचा हलत नाही. हट्टीपणा समजून त्याला रागावलं, तर ते अंगावर जास्तच बसतं. निघालो की चुकतो आणि चुकलो की ओरडा बसतो, मग निघावंच कशाला, असा त्याचा सरळ हिशेब असतो.

म्हणून जाणकार प्रशिक्षक पॅटर्न ब्लाइंडवर प्रत्येक धावेला थांबवत नाहीत. पुष्कळ धावा मोकळ्या जाऊ द्यायच्या, मध्येच एखादीला शिट्टी द्यायची. थांबवलं तर हात दाखवल्यावर वस्तू लवकर मिळेल असं बघायचं. म्हणजे शिट्टी ऐकून कुत्र्याला ‘चुकलो’ असं न वाटता ‘आता मदत येतेय’ असं वाटतं. पॉपिंग दिसलंच तर त्या थांबण्याकडे दुर्लक्ष करतात किंवा पुन्हा ‘बॅक’ देतात, पण हात दाखवून दिशा सुचवत बसत नाहीत. आणि काही दिवस शिट्टी खिशात ठेवून पुन्हा पांढऱ्या राशीवर, सोप्या वाटांवर येतात. आठवडा गेला तरी चालतो.

हाताची खूण कुत्र्याने ऐकली नाही तर? आधी कारण शोधायचं. खूण दिसली का? मागे ऊन होतं का? त्या दिशेला काही भीतीचं आहे का? पुन्हा शिट्टी द्यायची, एक-दोन क्षण शांत थांबायचं आणि तीच खूण आणखी मोठी करून द्यायची. तरी जमलं नाही तर थोडं जवळ बोलवून, अंतर कमी करून पुन्हा. योग्य दिशा घेईपर्यंत न रागावता हेच करत राहायचं. वेळ लागतो, पण कुत्र्याचा उत्साह शाबूत राहतो.

इथे एका वादाबद्दल लिहायलाच हवं. अमेरिकेतले अनेक व्यावसायिक प्रशिक्षक लांबच्या कुत्र्याला सुधारण्यासाठी विजेचा पट्टा वापरतात. बटण दाबलं की गळ्याला झटका. आधी नीट शिकवलेल्या गोष्टीसाठीच आणि अगदी कमी तीव्रतेने तो वापरतो, असं ते सांगतात. त्यांचे कुत्रे स्पर्धा जिंकतात, हेही खरं. पण वेल्समध्ये असे पट्टे २०१० पासून कायद्याने बंद आहेत, आणि ब्रिटनमध्ये पट्ट्याशिवाय तयार झालेले कुत्रे ब्लाइंड करतातच. माझं मत स्पष्ट आहे. तीनशे मीटरवरच्या जिवाला चूक कुठली आणि झटका कशाबद्दल, हे दर वेळी कळेलच याची खात्री देता येत नाही. आपल्याकडे वर्गातली शिक्षा शिक्षण हक्क कायद्याने बंद झाली, तेव्हाही ‘मग मुलं ऐकणार कशी?’ असंच विचारलं गेलं होतं.

जमीन स्वतःच परीक्षा घेते

सपाट मैदानावर शंभर मीटर सरळ जाणारा कुत्रा उतारावर वाकडा जातो. आडवा वारा असला की तो हळूहळू वाऱ्याबरोबर सरकतो. उताराला तिरकं जायचं असलं की खाली घसरतो. उंच गवत आलं की कडेने वळसा घालतो. चर आला तर तिरका ओलांडायचा सोडून काटकोनात ओलांडतो आणि पलीकडे रेषा बदलून बसतो. आधी जिथे पक्षी सापडला ती जागा जवळ असेल तर तिकडे ओढला जातो. हे सगळं त्याच्या दृष्टीने शहाणपणाचंच आहे. सोपी वाट कुणाला नको असते? म्हणून हे अडथळे एकेक करून शिकवतात. आज फक्त वारा, उद्या फक्त चर. स्पर्धेत परीक्षक मुद्दाम दोन-तीन एकत्र आणतात आणि कुत्रा वळसा न घालता रेषेच्या जवळ राहून गेला का, हे पाहतात. वस्तू कशीबशी आणली म्हणजे उत्तीर्ण, असं नसतं.

अमेरिकन केनेल क्लबच्या हंटिंग टेस्ट १९८५ साली सुरू झाल्या. त्यात ज्युनिअर, सीनिअर आणि मास्टर अशा तीन पायऱ्या आहेत. ज्युनिअरमध्ये फक्त मार्क असतात, ब्लाइंड नाहीच. तो सीनिअरपासून येतो. आधी स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा, मग दुसऱ्याच्या. हा क्रम मला फार आवडला.

घरी आणि वर्गात करून बघायला

घरी लॅब्राडोर असेल तर जुन्या जाड कापडाची गुंडाळी पुरते. मैदान रिकामं असताना, शक्यतो सकाळी लवकर जा. आपल्याकडच्या उन्हात हा केसाळ कुत्रा पटकन तापतो, त्यामुळे पाच-सहा धावा झाल्या की पाणी आणि सुट्टी. तो आणखी मागत असतानाच थांबवा.

वर्गात यावरून एक खेळ घेता येतो. मैदानात एक खडू लपवा. एका मुलाला तीन खुणा शिकवा : एक टाळी म्हणजे थांब आणि बघ, आडवा हात म्हणजे त्या बाजूला, वर हात म्हणजे पुढे जा. एका मुलाला दर दोन पावलांनी थांबवा. दुसऱ्याला फार वाकडं गेल्यावरच थांबवा. मग बाकीच्या मुलांना विचारा, कोण कसं चाललं? मान कुणी सारखी मागे वळवली? मुलं हे अचूक टिपतात. आणि जे मूल खुणा देत होतं त्यालाही विचारा, न थांबवता बघत राहणं किती अवघड गेलं ते.

कुत्र्याचा पहिला खराखुरा ब्लाइंड, म्हणजे ज्या जागी तो कधीच गेलेला नाही असा, ठेवताना अंतर पन्नास पावलांच्या आतच घ्या. वाटेत चर किंवा गवत नको. वारा समोरून, वस्तूकडून कुत्र्याकडे येणारा बघा, म्हणजे शेवटच्या काही पावलांत नाकाला वास लागेल आणि शिट्टीची गरजच पडणार नाही. आणि बंपर एक न ठेवता तीन-चार ठेवा, थोडे पसरून. त्या दिवशी त्याने रिकाम्या तोंडाने परत येता कामा नये.